गुडघ्याखालची रेघ

आमच्या युनिटमध्ये पाय कापायचा असला की आदल्या संध्याकाळी त्या पायावर रेघ ओढली जाते. जांभळ्या मार्करनं, आणि युनिटमधल्या सगळ्यात ज्येष्ठ सर्जनच्या हातानं. ती एकदा ओढली की विषय संपला. दुसऱ्या दिवशी टेबलाभोवती कितीही शहाणे जमले तरी 'जरा वर घेऊ' किंवा 'जरा खाली घेऊ' असं कुणी म्हणायचं नाही. ही पद्धत सरांनी पाडली. पूर्वी म्हणे पेशंट भूल घेऊन पडलेला असायचा आणि डॉक्टर मंडळी त्याच्या पायाभोवती वाद घालत उभी राहायची. सरांनी एक दिवस सगळ्यांना दटावलं की वाद घालायचा तर आदल्या दिवशी घाला, चहा पिऊन घाला, पण माणूस झोपलेला असताना त्याच्या डोक्यावर उभं राहून घालू नका. तेव्हापासून आमच्याकडे ज्येष्ठाची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि एके दिवशी त्या सरांचाच पाय काळा पडला.

सरांना आम्ही पाठीमागे 'करवत' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. तेही आम्हाला नावं ठेवायचे, फक्त तोंडावर. मी 'मिरची'. आत्ताचे युनिटप्रमुख, सरांचे लाडके विद्यार्थी आणि माझ्याहून बरेच वरिष्ठ, ते 'घड्याळ', कारण बोलता बोलता मनगटाकडे बघायची त्यांची सवय. सर निवृत्त झाले, तरी मानद सल्लागार म्हणून वॉर्डाच्या दारावरच्या पाटीवर पहिलं नाव अजून त्यांचंच आहे. दर आठवड्याला ते एक चक्कर टाकतात, सगळ्यांच्या चुका काढतात आणि समाधानानं घरी जातात.

मधुमेह त्यांना जुना. पावलांतली जाणीव कधीच गेलेली. 'बूट घालण्याआधी उलटा करून झटका' हे वाक्य त्यांनी जितक्या पेशंटना ऐकवलं तितक्यांना स्वतःचं नावही सांगितलं नसेल. आणि हा माणूस एक अख्खा दिवस बुटात त्याच जांभळ्या मार्करचं टोपण घेऊन हिंडला. खिशातून कधी तरी बुटात पडलं, पायाला पत्ताच नाही. संध्याकाळी मोजा काढताना काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आधी टोपण सापडलं आणि मग टोपणाच्या मापाचं भोक सापडलं.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," काकू मला फोनवर म्हणाल्या. "तू ये बाई. हे म्हणतायत काही झालेलं नाही."

झालेलं होतं. आधी करंगळी गेली, मग शेजारची दोन बोटं, मग पावलाची कड. बंद पडलेली रक्तवाहिनी नळी घालून उघडायचा प्रयत्न झाला, ती उघडली नाही. गुडघ्याच्या मागे मात्र नाडी चांगली लागत होती. पाऊल कोरडं, काळं आणि मेलेलं. पाय कापावा लागणार हे आम्हाला कळायच्या आधी सरांना कळलं होतं. प्रश्न फक्त कुठून एवढाच होता.

तो प्रश्न दिसतो तेवढा छोटा नाही. पाय गुडघ्याच्या वरून कापला तर जखम बहुतेक वेळा भरते, कारण मांडीला रक्त भरपूर. पण गुडघा जातो, आणि गुडघा गेला की वयस्क मधुमेही माणूस नकली पायावर क्वचितच चालतो. प्रत्येक पावलाला त्याची दमछाक होते आणि शेवटी तो पाय कपाटामागे जाऊन पडतो. खालून कापला तर गुडघा राहतो, माणूस उभा राहतो, चालतो. पण नडगीवरच्या कातडीला रक्त कमी. म्हणून पुढची कातडी आखूड ठेवायची, मागून पोटरीचा लांब फ्लॅप घ्यायचा आणि तो हाडावरून पुढे आणून शिवायचा. पेशंटना समजावताना मी त्याला पदर म्हणते, म्हणजे लगेच कळतं. एवढं करूनही दहातल्या दोघांचा पदर मरतो आणि पुन्हा वरून कापावं लागतं. तेव्हा एकदाच आणि वर, की जोखीम घेऊन खाली, यावर आम्ही सर्जन लोक आयुष्यभर भांडतो. सरांची शिकवण 'एकदाच आणि वर' ही होती. त्यांच्या काळात खाटा कमी आणि औषधं लंगडी होती, आणि दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत पेशंट टिकेलच याचा भरवसा नसायचा.

सरांना स्वतंत्र खोली दिली होती. प्रमुख पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "सर, तुमचं खालून करू. मागचा लांब फ्लॅप. गुडघा ठेवायचाच."

"ठेवा की," सर म्हणाले. "मला तो आवडतो. पाच नंबरच्या खाटेवर कोण आहे?"

"पाच नंबर?"

"मला आणलंत तेव्हा स्ट्रेचरवरून दिसला. सलूनवाला आहे ना तो? त्याचा एक पाय मीच घेतलाय, मांडीतून. आता दुसरा?"

"हो. पाऊल पुवानं भरलंय. परवा वरून घेतोय."

"गुडघ्यामागे नाडी?"

प्रमुखांनी घड्याळाकडे बघितलं. उत्तर मी दिलं. "लागते. तुमच्याइतकीच चांगली."

"मग वरून का?"

"सर, तिथं पू आहे," प्रमुख म्हणाले. "खालून करायचं तर आधी घोट्यापाशी सरळ कापून जखम उघडी ठेवायची, पू वाहू द्यायचा आणि मग काही दिवसांनी वरचं नीट करायचं. म्हणजे दोन ऑपरेशनं. फसलं तर तिसरं. तोवर खाट अडलेली. बाहेर व्हरांड्यात माणसं गाद्यांवर झोपलीत, त्यांना मी काय सांगू? वॉर्डात एकदाच आणि वर, हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. मग मला खालून का?"

प्रमुखांनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. माझी जीभ मात्र माझ्या ताब्यात कधीच नसते. "आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं," मी म्हणाले.

प्रमुखांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर जमिनीत गेली असती. सर मात्र हसले आणि उशीवर रेलले.

"ठरलं तर," ते म्हणाले. "पाच नंबरला जे करणार, तेच मला करा. त्याचा वरून, तर माझाही वरून. आणि ही खोली नको मला. वॉर्डात सहा नंबर रिकामा आहे, तिथं हलवा. इथं व्हरांड्यातले दोघं झोपवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलले ते सलूनवाल्याच्या पायासाठी, आणि हे बाबा स्वतःचा गुडघा देऊन मोकळे. प्रमुख निघून गेल्यावर मी सरांना सरळ सांगितलं की हा हट्ट आहे, तत्त्व नाही, आणि धडधाकट गुडघा मी काही झालं तरी कापणार नाही, दुसरा कुणी शोधा.

"दुसरा आहे ना. घड्याळ."

"ते कापतील तुमचा गुडघा?"

"मला वाटतं त्याचा हात उठणार नाही," सर म्हणाले. "माझा कापायला हात उठला नाही की पाच नंबरचाही कापता येणार नाही. बघू."

"आणि उठला तर?"

तेवढ्यात काकू डब्याची पिशवी घेऊन आत आल्या. दारातून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पिशवी खुर्चीवर ठेवली, पदर खोचला आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, पाय तुमचा असला तरी उचलायची मी आहे," त्या म्हणाल्या. "संडासापर्यंत नेणार मी, अंघोळ घालणार मी. माझी कंबर तुम्ही विचारात घेतलीत का?"

"तिकडे पाच नंबरच्या बायकोलाही कंबर आहे," सर म्हणाले.

 मला वाटलं आता भडका उडणार. पण त्यांनी डबा उघडला, चमचा पुसला आणि म्हणाल्या, "जेवा आधी. उपाशीपोटी मोठेपणा करू नये." त्या रागावल्या होत्या, पण माझ्यावर जेवढ्या तेवढ्या त्यांच्यावर नव्हत्या. जाताना मला दाराबाहेर ओढून म्हणाल्या, "हा माणूस आयुष्यात एकदा बरोबर बोलतो आणि तेव्हाच नेमका माझ्या जिवावर उठतो. काहीतरी कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तर सहा नंबरच्या खाटेवर सर गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसले होते, तोंडाला फेस, आणि पाच नंबरचा सलूनवाला आपल्या खाटेच्या कडेवर सरकून, बँडेजमधलं पाऊल स्टुलावर ठेवून त्यांची दाढी करत होता. अवजारांचा डबा त्याच्या लेकीनं आणून दिला होता. दुकान सध्या ती सांभाळते. परिचारिका लांबून बघत होती आणि न बघितल्यासारखं करत होती.

"हलू नका," तो सरांना म्हणाला. "मागच्या वेळी माझा पाय तुमच्या हातात होता, आज तुमचा गळा माझ्या हातात आहे."

"फिटंफाट करून टाका," सर फेसातून म्हणाले.

"छे हो, गिऱ्हाईक जातं." त्यानं वस्तरा पुसला. "पण बसून जमत नाही बघा. हनुवटीखाली हात वळत नाही. दाढी उभ्यानंच करायची असते. बसून फक्त गप्पा होतात."

"दुकानात कसं करता?"

"एक कुबडी बगलेत, कंबर खुर्चीला टेकवलेली, आणि सगळा भार ह्याच्यावर." त्यानं बँडेज बांधलेल्या पायाकडे मान केली. "हा आहे तोवर दुकान आहे. हा गेला की मी भिंतीला टांगलेला फोटो. लेक म्हणते बाबा, तुम्ही गल्ल्यावर बसा. मी तिला म्हटलं, मी गल्ल्यावर बसायला लागलो की समज मी गेलो."

सरांनी मग त्याला सगळं सांगितलं. तुमचा वरून घ्यायचं ठरलंय, म्हणून मीही माझा वरून घ्यायला सांगितलाय, असं. सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो मलाही ऐकू आला आणि सलूनवाल्यालाही. त्याचा वस्तरा गालावरच थांबला.

"आणि त्याचं मी काय करू?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे माझा जाणार म्हणून तुमचाही घालवणार. दोघं शेजारी शेजारी पडून राहू. मला काय त्यात? माझा गेला तर शेजाऱ्याचाही जावा, एवढा दळभद्री मी नाही डॉक्टरसाहेब." त्याचा आवाज चढला नव्हता, पण वस्तरा त्यानं बाजूला ठेवला. "आणि खालूनही होतं, हे मला आज कळतंय. कुणी विचारलंच नाही. मागच्या खेपेलाही तुम्ही आलात, जांभळी रेघ ओढलीत आणि गेलात. तेव्हाही विचारलं नव्हतंत."

"नव्हतं," सर म्हणाले.

अर्ध्या गालाला फेस तसाच राहिला होता. मला वाटलं सर आता काहीतरी समर्थन करतील, त्यांच्या काळातल्या खाटा, औषधं वगैरे. त्यांनी काही केलं नाही. टॉवेलनं तोंड पुसलं आणि त्याच्याकडे वळून बसले.

"आता विचारतो," ते म्हणाले. "वरून घेतला तर एकाच ऑपरेशनमध्ये सुटाल. जखम भरेल, लवकर घरी जाल, पण उभं राहणं विसरा. खालून घेतला तर आधी घोट्यातून, मग पोटरीतून, दोनदा टेबलावर जावं लागेल. दहातल्या दोघांचं फसतं. फसलं तर तिसऱ्यांदा जावं लागेल, आणि शेवटी वरूनच होईल. एवढे हाल फुकट जातील. साखर आटोक्यात ठेवावी लागेल, आणि ती विडी आजपासून बंद."

"भरली तर उभा राहीन?"

"दुसरा पाय नकली, हा नकली, पण हा गुडघा तुमचा. खुर्चीला टेकून उभे राहाल असं मला वाटतं. खात्री नाही देत."

सलूनवाल्यानं वस्तरा पुन्हा उचलला. "मग ओढा रेघ," तो म्हणाला. "आणि तो गाल इकडे करा. अर्धवट काम सोडलं तर दुकानाचं नाव खराब होतं."

मी सरांना बाजूला घेऊन विचारलं की रेघ आज संध्याकाळी प्रमुख ओढणार, मग ह्याला कशाच्या जोरावर शब्द दिलात. सर म्हणाले, "मिरची, दारावरची पाटी वाचता येते ना तुला?"

संध्याकाळी प्रमुख मार्कर घेऊन वॉर्डात आले. मी सरांना चाकांच्या खुर्चीत बसवून पाच नंबरपाशी आणून ठेवलं होतं. प्रमुख खाटेपाशी वाकले तसा सरांनी हात पुढे केला.

"पेन."

जुन्या सवयी मोठ्या चिवट असतात. इतकी वर्षं सरांनी 'पेन' म्हटलं की विद्यार्थ्याचा हात आपोआप पुढे व्हायचा, तसाच प्रमुखांचा झाला. मार्कर सरांच्या हातात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तोवर सरांनी पंजाची मागची बाजू सलूनवाल्याच्या गुडघ्यापासून सावकाश खाली नेली होती, कातडीची ऊब कुठवर आहे ते बघत. मला पाय उचलून धरायला लावला. नडगीवर, गुडघ्याच्या खाली हातभर नाही पण चांगलं वीतभर अंतर सोडून त्यांनी आडवी रेघ ओढली, ती मागे नेऊन पोटरीवर खाली लांब वळवली आणि शेजारी लिहिलं, 'नंतर'. मग घोट्याच्या वर एक सरळ रेघ ओढली आणि लिहिलं, 'आधी'.

"सर, तुम्ही इथं पेशंट आहात," प्रमुख हळूच म्हणाले.

"पाटीवरून नाव काढलंयस का माझं?"

"नाही."

"मग ज्येष्ठ मीच आहे."

"सर, दोन ऑपरेशनं म्हणजे..."

"म्हणजे काय ते ह्यांना सांगितलंय मी. ह्यांना, तुला नाही. त्यांनी हो म्हटलंय. खाट अडते म्हणतोस, तर माझी खोली मी सोडलीय. माझं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी मला घरी सोड, काकू बघतील. ती खाट घे. आणखी पाहिजे तर वरच्या साहेबाकडे जाऊन मांडी ठोकून बस, मीही येतो खुर्चीतून. पण खाट नाही म्हणून गुडघा कापायचा नाही. खाट मागता येते, गुडघा मागता येत नाही."

प्रमुख वाईट माणूस नाहीत. वॉर्डातली प्रत्येक गादी त्यांना पाठ आहे, आणि व्हरांड्यातून जाताना ते मान खाली घालतात हे मी बघितलंय. पण त्या वेळी त्यांनी ट्रेमधला स्पिरिटचा बोळा उचलला, आणि मी विचार न करता त्यांच्या आणि खाटेच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"पुसा," मी म्हणाले. "पण आज ज्येष्ठाची रेघ पुसली तर उद्यापासून तुमचीही कुणी मानणार नाही. पहिली मी नाही मानणार. रोज टेबलावर भांडेन, पेशंट झोपलेला असताना. मला येतं भांडता."

"ते येतंच हिला," सर म्हणाले.

अख्खा वॉर्ड बघत होता. प्रमुखांनी बोळा परत ट्रेमध्ये ठेवला, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या पहिली केस ह्यांची. चाकू तू धर. फसलं तर उत्तरही तूच दे."

मग सरांनी स्वतःचा पायजमा वर केला आणि स्वतःच्या पोटरीवर तशीच रेघ ओढली. त्यावरून आमची पुन्हा जुंपली. मला त्यांच्यासाठी तिरके फ्लॅप घ्यायचे होते, एक पुढून-आतून, एक मागून-बाहेरून. त्यात टोक लवकर गोल होतं, नकली पाय लवकर बसवता येतो.

"जखम भरायला त्यानं फरक पडतो का?" सरांनी विचारलं.

"नाही. सारखंच."

"ह्यांना कोणता घेणार?"

"मागचा लांब."

"मग मलाही तोच. नाही तर तुलना कशाशी करशील?"

दोघांचीही ऑपरेशनं मी केली. सलूनवाल्याचं आधी घोट्यातून, आणि जखम स्वच्छ झाल्यावर पोटरीतून. सरांचं एकाच टप्प्यात. हाडाची पुढची धार घासून गोल केली, पोटरीचा पदर ताण न देता पुढे आणला, आणि टाके इतके निगुतीनं घातले की आयुष्यात तेवढे कधी घातले नसतील. माझी खात्री होती की भरलं तर दोघांचंही भरेल, आणि फसलंच तर पुवाच्या पायाचं फसेल.

झालं उलटं. सलूनवाल्याची जखम भरली. कडेला एका टाक्यापाशी थोडं पाणी आलं, तेही आटलं. सरांच्या पदराची कड मात्र त्यांना घरी सोडायच्या आधीच निळसर झाली, मग काळी. रोज मी ड्रेसिंग उघडायची आणि रोज काळा भाग बोटभर सरकलेला असायचा. सर माझ्या तोंडाकडे बघायचे, पायाकडे नाही. एका सकाळी मी ड्रेसिंग परत बांधलं, वॉर्डाबाहेर आले आणि हात धुवायच्या बेसिनपाशी उभी राहून ढसाढसा रडले. मला स्वतःचा राग आला, रक्ताचा राग आला, त्या पेनच्या टोपणाचा राग आला. मागून काकू आल्या आणि नळ बंद केला.

"पाणी वाया घालवू नकोस," त्या म्हणाल्या. "आत बोलावतायत."

सरांनी मार्कर मागितला. मांडीवरची रेघ त्यांनी स्वतःच ओढली, बसून, चष्मा लावून. 'चाकू तूच धर' एवढंच मला म्हणाले. मी धरला. ती जखम भरली.

त्यानंतरच्या राउंडला प्रमुख सरांच्या खाटेपाशी थांबले. खूप वेळ चार्ट वाचत राहिले. शेवटी म्हणाले, "सर, खालून घेतलं की दोनदा कापायची पाळी येते, हे मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस," सर म्हणाले. "माझ्या बाबतीत तुझं खरं ठरलं. दोन ऑपरेशनं झाली, हाल झाले, गुडघाही गेला. मान्य. आता शेजारी बघ."

शेजारी पाच नंबरचा सलूनवाला खाटेच्या कडेवर बसून गुडघा वाकवत आणि सरळ करत होता. व्यायामाच्या बाईंनी सांगितलं होतं त्याच्या दुप्पट, कारण सरांनी तसं सांगितलं होतं.

"खाली घेतले दोन, त्यातला एक राहिला," सर म्हणाले. "तुझ्या 'एकदाच आणि वर'नं दोन्ही जखमा पहिल्या झटक्यात भरल्या असत्या. चार्ट सुंदर दिसला असता. आणि गुडघा एकही राहिला नसता. सांग आता, कुठली पद्धत चांगली?"

प्रमुखांनी चार्ट मिटून खाटेला अडकवला.

"आणि मला पुन्हा त्या संध्याकाळी नेऊन बसवलंस ना," सर म्हणाले, "तरी रेघ मी तिथंच ओढीन. माझ्याही पायावर."

त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी ते लपवले नाहीत.

काही आठवड्यांनी व्यायामाच्या खोलीत समांतर दांड्यांच्या मध्ये सलूनवाला उभा राहिला. एक पाय नकली मांडीपासून, दुसरा गुडघ्याखालून. हात दांड्यांना घट्ट, तोंडात शिव्या. लेक एका बाजूला, काकू दुसऱ्या बाजूला, आणि सर चाकांच्या खुर्चीत बसून सगळ्यांवर ओरडत. सलूनवाल्यानं एक हात सोडला. मग त्या हातानं हवेत काहीतरी केलं. मला आधी कळलंच नाही. मग कळलं की तो हनुवटीखालून वर, हवेतल्या हवेत वस्तरा फिरवून बघत होता.

"वळतो," तो म्हणाला. "डॉक्टरसाहेब, या इकडे. दाढी वाढलीय तुमची."

त्याच संध्याकाळी तीन नंबरच्या खाटेवर नवी पेशंट आली. पन्नाशीची बाई, मधुमेह, डाव्या पावलावर काळा डाग आणि त्यात पू. गुडघ्यामागे नाडी लागत होती. मी मार्कर काढला. प्रमुख मागून आले, बाईच्या पायाकडे बघितलं आणि सवयीनं माझ्यापुढे हात केला.

मी मार्कर दिला नाही. त्या खाटेपाशी ज्येष्ठ तेच होते, नियम सरांचाच होता, आणि व्हरांड्यातल्या गाद्या अजून तशाच होत्या. हात तसाच पुढे राहिला. मी मार्करचं टोपण लावलं, तो खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं आणि स्टूल ओढून बाईच्या शेजारी बसले.

बाई एकदा माझ्याकडे, एकदा प्रमुखांकडे बघत होती. "काय करणार आता?" तिनं विचारलं.

"अजून ठरलेलं नाही," मी म्हणाले. "आधी मला सांगा, तुम्ही काम उभ्यानं करता की बसून?"

माझ्यामागे प्रमुखांनी हात खाली घेतला. मग त्यांनीही शेजारचं स्टूल ओढल्याचा आवाज आला.